गादी थांबवा, पंप कायले थांबवता

मंगळवार, नऊ सप्टेंबर. रक्कम एकशे एक रुपये आणि एक नारळ. हजर: मी, तुमचा मंगेश, तुमचे भाऊ दिगंबरराव, किसन भोई, आणि वरच्या घाटावर जमलेली गावातली साठ-सत्तर माणसं. तुम्हीही होतात वहिनी, पण तुम्हाला हजरांत धरावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रक्कम किसनला द्यायची होती. गेलेल्या माणसाची गादी, उशी, पांघरूण डोंग्यात, म्हणजे त्याच्या होडीत, घालायचं आणि नदीच्या मधोमध नेऊन सोडायचं, हे त्याच्या घराचं पिढ्यान् पिढ्यांचं काम, आणि एकशे एक हा त्याचा हक्क. माणूस पलीकडे जातो, तर त्याला तिकडे टेकायला काही हवं, म्हणून अंथरूण पाण्यानं पाठवायचं. आपल्या गावात कुणाचंही गेलं तरी असंच गेलं. फक्त दादाचं गेलं नाही. ते तुम्ही जाऊ दिलं नाही.

घाट वर आहे आणि जॅकवेल खाली, या एका गोष्टीवर आपण दोघांनी किती संध्याकाळी घालवल्या. घाट ज्यांनी निवडला त्यांच्या काळी नळ नव्हते. आणि नदीकाठी जॅकवेलची ती खोल विहीर ज्यांनी खोदली, जिच्यातून पंप पाणी ओढून टाकीत चढवतो, त्यांनी बारमाही डोह पाहिला, वरचा घाट पाहिला नाही. घाटावरचं पाणी जॅकवेलपाशी यायला किती वेळ लागतो हे काढायला मी आणि पंपावरचा शेषराव एकदा नारळ सोडून काठाकाठानं चालत गेलो होतो. अकरा मिनिटं. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी टाकत होतात.

"भाऊजी, लोक देवाले नारळ वाहतात. तुमी हिशोबाले वाहिला."

मग तवा उतरवून, हात पुसून म्हणालात, "अकरा मिनिटं म्हंजे बिडी संपाच्या आत."

तुम्ही पाणी समितीच्या अध्यक्ष आणि मी सचिव. अध्यक्ष झालात तेव्हा गावानं आधी गंमत म्हणून पाहिलं. पण पंप सुरू झाला की घर कसं हलतं हे तुम्हाला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. आम्ही पंपाकडे मोटर, स्टार्टर, वीजबिल म्हणून पाहायचो. तुम्ही नाल्यावरून जिथे मोठा पाइप उघडा जातो तिथे उभ्या राहून त्यावर तळहात टेकायचात. पाइप गार लागला की पाणी चढलं. मग गल्लीत आवाज द्यायचात, "भांडे लावा वं." पंपाचा आवाज नदीवरून गावात ऐकू येतो, पण त्या आवाजावर तुमचा विश्वास नव्हता. "मोटर कोरडी बी फिरते भाऊजी. माणसावानी." हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

मयतीच्या पाण्याचा नियमही तुमचाच. ज्या घरी माणूस गेलं त्या गल्लीला त्या दिवशी पाळी नसली तरी पाणी सोडायचं, कारण घाटावरून परत आलेल्यांना आंघोळ हवी आणि घरातल्या बायांना रडतारडता हंडे वाहावे लागू नयेत. तो ठराव लिहिताना मी विचारलं होतं, याचं वीजबिल कोणत्या खात्यात टाकायचं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी ते चालू खर्चात टाकलं.

आपलं भांडण त्या नियमावरूनच लागलं. माझं म्हणणं साधं होतं. गादी नदीत जाते त्या दिवशी पंप दोन दिवस बंद ठेवावा. घाण वाहून जाऊ द्यावी, मग ओढावं. तुमचं म्हणणं होतं, पंप बंद केला की बाया नदीच्या रेतीत झिरे खणतात आणि वाटीवाटीनं तेच पाणी भरतात, तेही औषध न टाकलेलं.

"गादी थांबवा, पंप कायले थांबवता?"

"लोकांची रीत आहे वहिनी. ती आपण कशी थांबवणार?"

"म्हंजे मोटर तुमाले भेते, तिले थांबवता. लोकाईले तुमी भेता, त्याईले थांबवत नाही."

मी भित्रा माणूस आहे हे तुम्ही तालुकाभर सांगितलं होतं. माहे भाऊजी सावलीले बी पावती मागतात, असं तुम्ही आर्णीच्या दुकानात चार माणसांत म्हणालात, आणि दुकानदार अजून मला त्यावरून हसतो. मला राग आला नव्हता. खरंच आहे ते. मी झोपताना गॅसचं बटण दोनदा पाहतो. हंडा भरला की त्यात डोकावतो. तुमच्या अशा बोलण्यानं माझी भीती हलकी व्हायची, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्यानं हसून दाखवलेली भीती निम्मी होते. आता ती पूर्ण आहे.

दादा गेला तेव्हा तुम्ही मला विचारलं नाहीत. किसन डोंगा घेऊन आला होता. तुम्ही गादी बांधली, मंगेशच्या डोक्यावर दिली आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेऊन जाळलीत. वर्षभर गाव बोललं. तुमच्या तोंडावर एक म्हातारी म्हणाली, "नवऱ्याची गादी जाळली बाई, आता त्यानं तिकडं झोपावं कायवर?" तुम्ही म्हणालात, "यवतमाळचा माणूस गेला आहे मावशी. तिकडं बी कपाशीच पेरीन. भरून घेईन नवी." म्हातारी हसली, पण दिगंबरराव हसले नाहीत. ते तेरवीला आले, पंगतीला बसले नाहीत, पाणी पिऊन गेले. तुमचा सख्खा भाऊ, आणि तुम्ही त्यांच्या दाजीला जमिनीवर झोपवलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांचंही चूक कसं म्हणू. ज्याला ते खरं वाटतं, त्याला ते खरंच असतं.

या पावसाळ्यात नदी गढूळ झाली आणि गल्लीत कावीळ आली. आधी चार घरांत, मग तुम्हाला. नळाच्या पाण्याची बाटली तपासायला पाठवली, ती एकदा योग्य म्हणून आली आणि पुढची अयोग्य म्हणून. शेषराव औषध टाकत होता. गढूळ पाण्यात औषध चढत नाही, असं तो म्हणतो. तुम्हाला पाण्यातूनच झाली की कुठल्या कार्यातल्या सरबतातून, हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. माझ्या घरी पल्लवी आहे. तुमची लाडकी, माझी सून, सातव्या महिन्यात. आर्णीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवून मला आणि पोराला आत बोलावलं आणि सांगितलं, या दिवसांत हिला कावीळ झाली तर बाळाचंही भय आणि हिचंही. पाणी उकळून द्या. दुसरं काही नाही, पाणी.

तेव्हापासून मला पाण्याचा आवाज नकोसा झाला. पंप सुरू झाला की मी आमचा नळ आवळून येतो, बंद झाला की पुन्हा आवळतो. पातेल्यात पाणी उकळतं तेव्हा मी बुडबुडे बघत उभा असतो. पल्लवी आंघोळीला बसली की वाटतं, तोंड धुताना घोटभर गेलं असेल. नळ आपल्या गावात आला तेव्हा बायांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं, ते मला आठवतं. आता त्याच नळाकडे मी साप निघालेल्या बिळासारखा बघतो.

यवतमाळच्या दवाखान्यात तुम्हाला शेवटचं भेटलो. तुमचे डोळे हळकुंडासारखे झाले होते. मला बघून म्हणालात, "बसा. हळद लागली मले, दुसऱ्यांदा." मला हसता आलं नाही. मग तुम्ही कामाचं विचारलंत.

"पल्लवीले उकळलेलं देता ना?"

"देतो."

"गार करून?"

"गार करून. झाकून."

"अन् माह्या गादीचं..."

तेवढ्यात सलाईन बदलायला नर्सबाई आल्या आणि त्यांनी मला बाहेर काढलं. मी बाहेर बाकावर बसलो. परत गेलो तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. ते वाक्य तिथेच राहिलं. पुढे काय होतं हे मला माहीत आहे असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

मंगळवारी दुपारी तुम्हाला घरी आणलं. दिगंबरराव माहेरचं लुगडं घेऊन आले, हिरवं, तुमच्या आवडीचं. बायांनी ते तुमच्यावर घातलं. मग ते माजघरात गेले, दवाखान्यात नेण्याआधी ज्या गादीवर तुम्ही आठ दिवस ओकत होतात ती गादी त्यांनी स्वतःच्या हातानं गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि बाहेर आणली. मंगेशनं माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमी सांगा ना मामाले."

"मंग्या, काका काय सांगतीन?" दिगंबरराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दाजीच्या वख्ती तिनं आपल्या मनाचं केलं. म्या कोणाले शब्द बोललो नाही. आज माही बहीण आहे. ते जमिनीवर झोपणार नाही."

तिरडी उचलायची वेळ होती. अशा वेळी काविळीचं बोलायला माझं तोंड उघडलं नाही. मी तुमच्या मागं चालत राहिलो आणि माझ्या पुढं ती गादी चालत होती, दिगंबररावांच्या खांद्यावर. घाटापर्यंत मी तुमच्याकडे पाहिलंच नाही. गादीकडे पाहत होतो. याची मला लाज वाटत नाही वहिनी. तुम्हीही तेच केलं असतं.

घाटावर किसननं गादी डोंग्यात ठेवली. मंगेश मडकं घेऊन उभा. नदी काठोकाठ भरलेली नव्हती, पण धार होती. खाली बाभळींच्या वर पंपघराचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. पंप बंद होता, कारण मयतीचं पाणी सोड असं शेषरावला मी अजून सांगितलं नव्हतं. मी दिगंबररावांजवळ गेलो.

"गादी नदीत नको, पाव्हणे."

"काहून?"

"काविळीची आहे. ते बघा, खाली आपली जॅकवेल."

"मंग पंप बंद ठेवा दोन रोज. वाहून जाईन सारं."

माझंच वाक्य. शब्द न् शब्द माझं. चार वर्षं मी तुमच्याशी याच वाक्यावर भांडलो, आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती पोकळ लागलं. मी तुमचं उत्तर दिलं, की बाया झिऱ्यावर जातील आणि तेच पितील. पण तुमचं उत्तर माझ्या आवाजात नीट बसलं नाही.

दिगंबरराव म्हणाले, "तिनं सांगतलं होतं का तुमाले? माही गादी नदीत टाकू नका म्हणून? तिनं सांगतलं असीन तर माहं काही म्हणणं नाही. तिचा शब्द."

सगळा घाट ऐकत होता. मी हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं होतं. मंगेश डोळ्यांनी मला हो म्हणा म्हणून सांगत होता. पल्लवी घरी होती, तिच्या उशाशी झाकलेला तांब्या होता. मी हो म्हणणारच होतो. पण तुमच्या चितेसमोर उभं राहून, तुम्ही न बोललेलं वाक्य तुमच्या नावावर टाकायचं, आणि तेही तुमच्या भावासमोर, हे मला जमलं नाही.

"'माह्या गादीचं', एवढंच म्हणाल्या. पुढचं राहिलं."

"मंग पुढचं मी म्हणतो," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी किसनला हात केला.

किसननं दोरी सोडली. डोंगा काठापासून हातभर सरकला. अकरा मिनिटं, मी मनात म्हणत होतो. पंप बंद ठेवीन, दोन नाही चार दिवस ठेवीन, पल्लवीला तिच्या माहेरी पाठवीन, आजच, आत्ताच, गाडी करून. मी असा स्वतःच्या घरापुरता पळत होतो आणि पळतापळता मला तुमचा आवाज ऐकू आला. भास नव्हे. आठवण. मागं एकदा मी म्हणालो होतो, घाट जॅकवेलच्या खाली न्यावा म्हणजे प्रश्न मिटला. तुम्ही म्हणालात, "तुमचा मिटला. खालच्या गावाले पोरंबाळं नाहीत काय?"

खालच्या गावी रेखा दिली आहे. दिगंबररावांची लेक. सोयरीक तुम्हीच जमवली, मुलगा बघायला मी तुमच्यासोबत गेलो होतो. तेव्हा पोहे खायच्या आधी तुम्ही मुलाच्या आईला विचारलं होतं, नळ किती वाजता येते.

"रेखाच्या गावची जॅकवेल इथून साडेतीन किलोमीटर आहे," मी म्हणालो. "आपला पंप मी बंद ठेवीन. त्यांचा कोण ठेवणार?"

दिगंबररावांची नजर डोंग्यावरून खाली धारेकडे गेली.

"तिचा लहाना अजून रांगतो ना?"

"उभा राह्यते आता. धरून धरून." ते नदीकडे बघत होते. "किती येळात जाते तिथं?"

"आजच्या धारेनं सव्वा तास. हा अंदाज आहे. मोजलेलं नाही."

या शेवटच्या दोन शब्दांवर तुम्ही मला नक्की काहीतरी बोलला असतात. दिगंबररावांनी तोंडावरून हात फिरवला. डोंगा धारेला लागायच्या बेतात होता.

"किसन," त्यांनी हाक मारली. "आण मांगं."

गुडघाभर पाण्यात ते स्वतः उतरले आणि गादी खांद्यावर घेऊन परत आले. ती त्यांनी धुऱ्यावर नेली नाही. तुमच्याच पायाशी, लाकडांवर ठेवली, सुतळी सोडली आणि पसरली. हातानं सारखी केली, जशी आपण पाहुण्याला घालतो तशी. मग मंगेशला म्हणाले, "लाव." आणि मला, खालच्या आवाजात, "हे रेखीले नका सांगजा. मी काय कराले निंगालो होतो ते."

मी सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवतो आहे, पण हे तुम्हाला लिहिलं आहे.

कापूस लवकर पेटत नाही. आत धुमसत राहतो. तुमच्याच शेतातला, तुम्ही पिंजून घेतलेला. आम्ही बराच वेळ उभे होतो.

तिथूनच मी शेषरावला फोन केला. "चालू कर. आपल्या गल्लीला सोड."

"आज?" तो म्हणाला. "सचिवसाहेब, तुमीच बोलून राह्यले ना?"

"मीच."

परतताना नाल्यावर सगळे पुढे गेले आणि मी मागं थांबलो. पाइपवर तळहात टेकला. उन्हानं तापलेला होता. पंपाचा आवाज येत होता, पण आवाजावर विश्वास ठेवायचा नाही हे तुम्ही शिकवलेलं. मी हात काढला नाही. हळूहळू पाइप गार झाला. मग मला कळेना की भांडे लावा म्हणून आवाज कुणी द्यायचा. कुणीच दिला नाही. बायांनी आपापल्या मनानं लावले.

परवा तेरवी झाली. दिगंबरराव पंगतीला बसले, दोनदा वरण मागून घेतलं. तुम्हाला हे कळायला हवं होतं म्हणून लिहितो.

बाकी भीती जिथल्या तिथं आहे. एक गादी थांबली, म्हणून कावीळ थांबली असं मी म्हणू शकत नाही. वरच्या बाजूनं दोन नाले मिळतात, त्यांत काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या मयतीला पुन्हा कुणाची तरी गादी खांद्यावर येईल, आणि प्रत्येकाची लेक काही खालच्या गावी दिलेली नसते. पाण्याची तिसरी बाटली तपासायला गेली आहे, तिचं उत्तर आलेलं नाही. पल्लवीचं रक्त काल दिलं, तेही उद्या कळेल. सकाळी ती स्वतःच खिडकीपाशी येते आणि मी काही विचारायच्या आत खालची पापणी ओढून दाखवते. "पांढरेच आहेत बाबा. आजही." ती हसते. तुमच्यासारखी नाही, पण त्या वाटेनं. मी हसतो आणि मग पातेल्याजवळ जाऊन उभा राहतो.

अध्यक्षाची जागा मोकळी आहे. लोक माझं नाव घेत आहेत. गादी थांबवायची आणि पंप चालू ठेवायचा, एवढंच काम आहे म्हणतात. एवढंच. तुम्ही असतात तर आज मी तुमच्याशी उलट्या बाजूनं भांडलो असतो, आणि तुम्ही कोणती बाजू घेतली असती हे मला खरंच सांगता येत नाही. मला हरवायला म्हणून तुम्ही पंप बंद ठेवा म्हणाला असतात, एवढी शंका मात्र येते.

राहिली ती रक्कम. मंगळवारी घाटावर किसन डोंगा बांधून बाजूला बसला होता. मी नारळ आणि पैसे घेऊन गेलो तर दिगंबररावांनी माझा हात धरला, ते पैसे मला परत घ्यायला लावले आणि स्वतःच्या खिशातून काढले. किसन उठून उभा राहिला, हात मागं घेतला.

"मालक, म्या नेलंच नाही. मंग कायचे?"

"नेलं नाही, त्याचेच," दिगंबरराव म्हणाले.

रुपये एकशे एक आणि नारळ, किसन भोई याला, तुमच्या भावाच्या हातून.